चिप गप्प आहे म्हणून ती डुप्लिकेट ठरत नाही

"ताई, पाचही चिप्स डुप्लिकेट निघाल्या. दुकानदाराने सरळ फसवलं आम्हाला."

जानेवारीत रात्री अकराला मामेभावाचा फोन. तो नाशिकला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याचा आणि त्याच्या मित्राचा प्रोजेक्ट म्हणजे निफाडजवळच्या आमच्या मामाच्या द्राक्षबागेत ठेवायचं एक छोटं यंत्र. दर ५ मिनिटांनी तापमान आणि आर्द्रता मोजायची आणि लिहून ठेवायची, बस्स. निफाडचा पारा किती घसरला हे दर हिवाळ्यात बातम्यांत येतं, पण तो आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. मामाला हवं होतं ते त्याच्या बागेतल्या सखल कोपऱ्यातलं पहाटेचं तापमान, कारण मणी तिथलेच तडकतात. त्या कोपऱ्यात मोबाइलला रेंज नाही, म्हणजे आकडे इंटरनेटवर पाठवायची सोय नाही. ते साठवायचे कुठे? ईएसपी३२ च्या बोर्डाला बाहेरून जोडलेल्या एका मेमरी चिपमध्ये.

आणि ती चिप बोलत नव्हती.

"डुप्लिकेट आहे हे कशावरून?" मी विचारलं.

"यूट्यूबवर सगळे सांगतायत ना. मेमरीची टंचाई आहे, मार्केटमध्ये सगळा खोटा माल आलाय. आम्ही आजच दुकानात जाऊन भांडून आलो. काका म्हणाले, जोडता येत नाही आणि माझ्या चिपला नावं ठेवता."

सबमिशनला १२ दिवस राहिले होते. पाच चिप्सचे पैसे पोरांनी स्वतःच्या खिशातून घातलेले. आणि नाशिकमध्ये ज्या दुकानात त्यांना सुटे भाग उधारीवर मिळायचे, तिथे आता तोंड दाखवायची सोय उरली नव्हती. म्हणून आधी ती बातमी नीट बघू. बातमी खरी आहे, पण पोरांनी तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला.

टंचाई नक्की कशाची?

तुमच्या फोनमध्ये दोन प्रकारची मेमरी असते. एक रॅम, म्हणजे डीरॅम. दुसरी स्टोरेज, म्हणजे नँड फ्लॅश, जिच्यात फोटो आणि ॲप्स राहतात. जगातली बहुतेक डीरॅम तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटर्सना मेमरी लागते ती अफाट, आणि त्यांना पैशांची फिकीर नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्सबरोबर करार जाहीर केले, त्यात महिन्याला ९ लाख वेफरपर्यंत जाण्याचं लक्ष्य होतं. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने सांगितलं की 'क्रुशियल' या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा धंदा आपण बंद करतोय. त्याच्या दोनच दिवस आधी रास्पबेरी पाय वाल्यांनी भाव वाढवले: पाय ५ चं ८ जीबीचं मॉडेल ८० डॉलरवरून ९५ वर, १६ जीबीचं १२० वरून १४५ वर. कारण एकच, मेमरी महागली.

तेव्हा पोरांना हे सगळं ऐकून जे वाटलं ते अगदीच हवेतलं नव्हतं. माल महाग झाला की खोटा माल विकण्यात फायदा वाढतो. भंगारातल्या बोर्डांवरून चिप्स उपसायच्या, वरची अक्षरं घासायची, नवी छापायची. हे धंदे जुने आहेत.

पण पोरांच्या हातात जी होती ती ना डीरॅम, ना नँड. ती होती नॉर फ्लॅश. हरभऱ्याच्या डाळीएवढी, आठ पायांची चिप. घरच्या वायफाय राउटरमध्ये, कंप्युटरच्या बायॉससाठी, वायरलेस इअरबड्समध्ये असते तीच जात. तिची क्षमता जीबीत नसते, फार तर काही एमबी. ती वेगळ्या प्रकारे बनते आणि तिचं मार्केटही वेगळं. एका मेमरीची बातमी वाचून दुसऱ्या मेमरीच्या दुकानदारावर आरोप करणं म्हणजे कांद्याचे भाव वाढले म्हणून बटाटेवाल्याशी भांडण्यासारखं.

हजेरी घेतली का?

मी त्याला पहिला प्रश्न विचारला: "आयडी वाचलास का?"

शाळेत बाई हजेरी घ्यायच्या तसंच हे असतं. मायक्रोकंट्रोलर आणि ही चिप चार तारांवर बोलतात. एक तार ठोका देते, म्हणजे क्लॉक. एका तारेने प्रश्न जातो, दुसरीने उत्तर येतं. आणि चौथी तार खाली ओढली की चिपला कळतं, आता आपल्याशी बोलणं चाललंय. या पद्धतीला एसपीआय म्हणतात. मायक्रोकंट्रोलरने ९एफ हा आकडा पाठवला की चिपने तीन बाइट परत द्यायचे असतात. पहिला कंपनीचा, दुसरा प्रकाराचा, तिसरा सहसा क्षमतेचा. तिसऱ्या बाइटमध्ये गंमत आहे. तो सोळाच्या पाढ्यातला आकडा साध्या आकड्यात बदला आणि २ चा तितकावा घात काढा, क्षमता मिळते. १८ म्हणजे २४, आणि २ चा २४ वा घात म्हणजे १६ एमबी. १७ म्हणजे ८ एमबी, १६ म्हणजे ४ एमबी.

"वाचला," तो म्हणाला. "एफएफ एफएफ एफएफ येतंय. पाचही चिप्सवर."

इथेच माझा संशय दुकानदारावरून उठला. एफएफ म्हणजे सगळे बिट १, म्हणजे उत्तराच्या तारेवर कुणी काही बोललंच नाही आणि तार आपली वरच राहिली. सगळी शून्यं आली असती तरी अर्थ जवळपास तोच. घासून नवी छपाई केलेली चिप असं वागत नाही. ती आपलं खरं, जुनं नाव सांगते, आणि ते वरच्या छपाईशी जुळत नाही, म्हणून पकडली जाते. गप्प राहणारी चिप एक तर मेलेली असते, नाही तर तिच्यापर्यंत प्रश्नच पोचलेला नसतो. आणि पाचपैकी पाच चिप्स मेलेल्या? तेव्हा पाचांमध्ये सारखं काय आहे ते शोधायचं. सारखं होतं पोरांचं सर्किट.

व्हिडिओ कॉलवर त्याने बोर्ड दाखवला. मी विचारत गेले. वीज ३.३ व्होल्ट की ५? ईएसपी३२ ३.३ वर चालतो, ते ठीक होतं. (उनो किंवा नॅनोवर हेच करणाऱ्यांनी इथे थांबा. त्यांच्या पायांवर ५ व्होल्ट येतात आणि या चिप्स तेवढ्यासाठी बनलेल्या नसतात. मध्ये लेव्हल शिफ्टर हवा.) प्रश्नाची आणि उत्तराची तार उलटी लागली का? तपासली, बरोबर. तारा किती लांब? वीतभर जंपर, आणि क्लॉक त्याने ४० मेगाहर्ट्झ ठेवलेला. "तो आधी १ वर आण," मी म्हणाले. ब्रेडबोर्डवरच्या वीतभर तारांना ४० मेगाहर्ट्झ झेपेल असं धरून चालणं म्हणजे गावच्या कच्च्या रस्त्यावर ताशी शंभरने गाडी हाणणं. १ वर आणला. चिपच्या विजेच्या पायाजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर नव्हता, तोही लावायला सांगितला.

तरी एफएफ.

मग तो सहज म्हणाला, "ताई, एक विचित्र आहे. चिपजवळ बोट नेलं की कधी कधी बरोबर आयडी येतो."

हे त्याने आधी सांगितलं असतं तर अर्धा तास वाचला असता! बोट जवळ नेल्याने वागणं बदलतं, याचा अर्थ कुठली तरी पाय हवेत लोंबतेय आणि आसपासच्या विजेवर झुलतेय.

"तीन नंबर आणि सात नंबरची पाय कुठे जोडलीस?"

"त्या जोडायच्या नसतात ना. व्हिडिओत सहाच तारा होत्या."

सात नंबरची पाय असते होल्ड. ती खाली गेली की चिप समजते, "जरा थांब" असं सांगितलंय. मग ती प्रश्न ऐकत नाही आणि उत्तराची तार सोडून देते. तीन नंबर लिखाणाला कुलूप लावण्यासाठी. दोन्ही ३.३ व्होल्टला बांधून ठेवायच्या असतात. व्हिडिओतल्या माणसाकडे तयार मॉड्यूल होतं आणि त्याच्यावर हे रेझिस्टर आधीच लावलेले असतात. पोरांनी स्वस्तात पडतं म्हणून सुट्या चिप्स आणल्या आणि साध्या पट्टीवर जोडल्या. आणखी एक भानगड म्हणजे काही मॉडेल्समध्ये होल्ड आणि कुलपाचं काम कारखान्यातूनच बंद करून येतं. म्हणून एकाचं सर्किट लोंबत्या पायांवरही मजेत चालतं आणि दुसऱ्याचं चालत नाही, मग दुसरा म्हणतो माझीच चिप खोटी.

१० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावले. रात्री साडेबाराला त्याने ओरडून आयडी वाचून दाखवला. पलीकडून मामी ओरडली ते वेगळ्या कारणाने.

गप्प चिपचं अजून एक कारण जाता जाता सांगते, कारण ते फार फसवतं. या चिप्सना बी९ ही आज्ञा दिली की त्या झोपतात आणि एबी देईपर्यंत उठत नाहीत. बोर्डावरचं रीसेट बटण मायक्रोकंट्रोलरला रीसेट करतं, चिपला नाही. म्हणजे तुमच्या कालच्या प्रोग्रामने तिला झोपवलं असेल तर आजच्या नव्या प्रोग्रामला ती एफएफच देणार. केबल काढून परत लावली की आपोआप चालू! असा चमत्कार झाला तर हे आठवा.

आकडे येतात, पण खोटे

दोन दिवसांनी परत फोन. यंत्र बागेत ठेवलं होतं, आकडे साठत होते, पण साधारण तासाला एक नोंद बिघडलेली यायची. पोरांनी कारणही शोधून ठेवलं होतं: मामाच्या ठिबकची मोटर तासाला सुरू होते, तिच्या झटक्याने. पटण्यासारखं होतं. मी स्वतः रविवारी निफाडला गेले तेव्हा सोबत लॉजिक ॲनालायझर नेला. नाव मोठं आहे, पण ही काही शे रुपयांत मिळणारी काडेपेटीएवढी डबी. ती तारांवर काय चाललंय ते लॅपटॉपवर दाखवते, पल्सव्ह्यू नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये. मोटर बंद करायला लावली. तरी तासाला नोंद बिघडायचीच. मोटरवरचा आळ तिथेच संपला.

मग मी विचारलं, "एक नोंद किती बाइटची?"

"२०."

या चिपमध्ये लिहिताना एका वेळी २५६ बाइटचं एक पान लिहिता येतं. पानाच्या शेवटाला पोचलात आणि अजून बाइट शिल्लक असले, तर चिप पुढच्या पानावर जात नाही. ती त्याच पानाच्या सुरुवातीला येते आणि तिथे लिहायला लागते. २० बाइटच्या १२ नोंदी म्हणजे २४०. तेरावी नोंद २४० पासून सुरू होते, तिचे शेवटचे ४ बाइट पानात मावत नाहीत आणि ते जाऊन पडतात पहिल्या नोंदीच्या डोक्यावर. ५ मिनिटांनी एक, तर तेरावी नोंद ६५ मिनिटांनी. तो झाला "साधारण तास". मोटरची वेळ जवळपास तेवढीच असणं हा निव्वळ योगायोग, आणि असे योगायोग माणसाला चार दिवस सहज फिरवतात.

त्यात फ्लॅशचा अजून एक स्वभाव. कोऱ्या चिपमध्ये सगळे बिट १ असतात. लिहिणं म्हणजे १ चे ० करणं. ० चा परत १ करायचा तर किमान ४ केबीचा अख्खा तुकडा पुसावा लागतो. म्हणून डोक्यावर पडलेले ते ४ बाइट जुन्यात मिसळून भलताच तिसरा आकडा तयार होतो. मामाच्या बागेत एका दुपारी उणे १२७ अंश तापमान नोंदलं गेलं ते असं.

पोरांनी नोंद १६ बाइटमध्ये बसवली. २५६ ला १६ ने बरोबर भाग जातो, कुठलीच नोंद पानाची हद्द ओलांडत नाही. प्रत्येक लिखाणाआधी ०६ ही परवानगीची आज्ञा द्यायची आणि चिप "मी कामात आहे" म्हणत असेपर्यंत थांबायचं, हे त्यांच्या लायब्ररीत होतं. स्वतः कोड लिहिणारे हमखास विसरतात तेही हेच.

तेव्हाच त्यांच्या कोडमध्ये मला एक गोष्ट दिसली, आणि ती या सगळ्यांपेक्षा वाईट होती, कारण सबमिशनच्या दिवशी ती कुणालाच दिसली नसती. पुढची नोंद कुठे लिहायची तो पत्ता त्यांनी चिपच्या एका ठरावीक तुकड्यात ठेवला होता. दर नोंदीला तो तुकडा पुसायचा, नवा पत्ता लिहायचा. दिवसाला २८८ नोंदी, म्हणजे एकच जागा दिवसाला २८८ वेळा पुसायची. या जातीच्या चिप्सवर एक तुकडा सुमारे १ लाख वेळा पुसता येतो असं लिहिलेलं असतं. भागाकार करा: ३४७ दिवस. पोरं पास होऊन गेली असती आणि पुढच्या हिवाळ्यात मामाचं यंत्र बंद पडायच्या मार्गाला लागलं असतं. मग मामा काय म्हणाला असता? चिप डुप्लिकेट होती.

हे फक्त पोरांच्याच हातून होतं असं समजू नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेस्लाला अमेरिकेत १,३४,९५१ गाड्या रिकॉल कराव्या लागल्या, जुन्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स. गाडीतल्या मोठ्या स्क्रीनच्या कंप्युटरला ८ जीबीची ईएमएमसी फ्लॅश होती आणि रोजच्या लिखाणाने ती झिजून संपत होती. स्क्रीन गेला की मागचा कॅमेरा गेला, काच साफ करायच्या सेटिंग्जही गेल्या. चिप खरी होती, नामांकित होती. तिच्यावर किती लिहायचं याचा हिशेब चुकला होता.

आम्ही तो ठरावीक पत्ता काढूनच टाकला. यंत्र सुरू झालं की पहिली कोरी जागा, म्हणजे एफएफने भरलेली, शोधायची आणि तिथून पुढे लिहायचं.

पाचवी चिप

इथे लेख संपला असता तर बरं झालं असतं. दुकानदार निर्दोष, पोरं शहाणी. पण सर्किट दुरुस्त झाल्यावर मी त्यांना पाचही चिप्सचा आयडी परत वाचायला लावला. चार चिप्सचा तिसरा बाइट आला १८, छपाईप्रमाणे १६ एमबी. पाचवीचा आला १६. म्हणजे ४ एमबी. वरची अक्षरं मात्र इतर चारांसारखीच, फक्त नखाने घासल्यावर किंचित फिकट होणारी.

आयडीवर पूर्ण विसंबू नये म्हणून दुसरी चाचणी. चिप पूर्ण पुसली. मग पत्ता ०, १ एमबी, २ एमबी, ४ एमबी, ८ एमबी अशा ठिकाणी वेगवेगळे आकडे लिहिले आणि शेवटी सगळे परत वाचले. पाचव्या चिपमध्ये ४ एमबीच्या जागी लिहिलेलं जाऊन पडलं होतं ० वर. तिला तेवढीच घरं आहेत. पुढचा नंबर सांगितला तर ती मुकाट्याने पहिल्या घरात जाते.

ही चाचणी तुमच्याही कामाची आहे. "१ टीबी पेनड्राइव्ह, ४९९ रुपये" अशी जाहिरात दिसते ना, त्यात नेमकी हीच चलाखी असते. फोनला १ टीबी दिसतं, आत असते ३२ जीबी, आणि ३३ व्या जीबीपासून लग्नाचे फोटो एकमेकांवर पडतात. एच२टेस्टडब्ल्यू आणि एफ३ ही मोफत साधनं अख्खा ड्राइव्ह भरून परत वाचतात आणि खरी क्षमता सांगतात. वेळ लागतो, पण विकत घेतल्याच्या दिवशीच करा, परत करायची मुदत असेपर्यंत. आणि फोन लोगोवर अडकला, दुकानदार म्हणाला "ईएमएमसी गेली, बदलावी लागेल", तर त्यालाही विचारता येतं: रीडरवर चिपचा आयडी आला का? नव्या ईएमएमसी आणि यूएफएस चिप्स स्वतःचं किती आयुष्य वापरून झालं त्याचा अंदाजही सांगतात. चांगला कारागीर ते स्क्रीनवर दाखवतो. आयडीच येत नसेल तर दोष चिपचा की तिला मिळणाऱ्या विजेचा, हे अजून ठरलेलं नसतं.

खऱ्याखोट्याच्या या भांडणात मार कुणाला बसतो, याचं एक जुनं उदाहरण मला दर वेळी आठवतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय या कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून लोकांच्या कंप्युटरवर आला. यूएसबीला जोडायची त्यांची चिप खूप नकलली जायची. नवा ड्रायव्हर नकली चिप ओळखून तिच्या आतल्या छोट्या मेमरीत ओळख क्रमांकाच्या जागी शून्य लिहायचा, आणि ती चिप कंप्युटरला दिसेनाशी व्हायची. कंपनीचा राग समजण्यासारखा होता. पण ज्यांची उपकरणं बंद पडली त्यांच्यातल्या बहुतेकांना आपल्या बोर्डावर नकली चिप आहे हे माहीतच नव्हतं. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. नकली बनवणाऱ्यांपर्यंत त्याची झळ कितपत पोचली असेल, मला शंकाच आहे.

म्हणून सोमवारी दुकानात जाताना मी पोरांना बजावलं: आधी चार चिप्सबद्दल माफी मागायची, मग पाचवीचं बोलायचं, आणि लॅपटॉप सोबत न्यायचा.

काका आधी बघायलाच तयार नव्हते. मामेभावाने मान खाली घालून सांगितलं, "काका, आमचीच चूक होती. दोन पाया जोडल्या नव्हत्या. चार चिप्स चांगल्या आहेत." मग त्याने पाचवी लावून दाखवली, शेजारी चांगली लावून दाखवली. स्क्रीनवर १६ आणि १८. काकांना ते आकडे काय म्हणतायत ते कळायला दोन मिनिटं लागली. मग ते म्हणाले, "अरे बाळा, मी तरी काय करणार? मी पण पाकिटावरचं वाचूनच विकतो."

त्यांनी चिप बदलून दिली. खरं सांगायचं तर ४ एमबीही पुष्कळ होती. दिवसाला २८८ नोंदी गुणिले १६ बाइट, म्हणजे ४ एमबीत अडीच वर्षं आणि १६ एमबीत जवळपास दहा वर्षं मावतात. ईएसपी३२ च्या बोर्डावरच ४ एमबी फ्लॅश असते आणि तिचा एक कोपराही पहिल्या हंगामाला पुरला असता. पण प्रोजेक्टच्या अर्जात "बाह्य मेमरी" असं लिहून सही झालेली होती, आणि सही झाली की आपल्याकडे विषय संपतो.

आम्ही निघत होतो तेवढ्यात काकांनी ड्रॉवर उघडला आणि त्याच मालातली उरलेली पट्टी काउंटरवर ठेवली. १९ चिप्स होत्या.

"घाई नसेल तर ह्या पण बघून दे," ते म्हणाले.

पोरं तिथेच स्टुलावर बसली. तासभर लागला. १६ चांगल्या निघाल्या, ३ छोट्या. काकांनी त्या तिन्ही वेगळ्या पाकिटात टाकल्या, पाकिटावर पेनने ४ लिहिलं आणि ज्याच्याकडून माल घेतला होता त्याला फोन लावला.